पलीकडच्या काठावरची सावरी

मला माझ्या जावेचा हेवा वाटायचा. आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही, आणि या वयात लपवून तरी काय करायचं? तिच्या भाकरीला पापुद्रा सुटायचा त्याचा हेवा वाटायचा, तिच्या लांब केसांचा वाटायचा. तिच्या लेकरांचा तर इतका वाटायचा, की ती त्यांना घेऊन नदीवर आंघोळीला उतरली की मी घरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसायचे. पण सगळ्यात जास्त हेवा वाटायचा तो तिच्या दारच्या सावरीच्या झाडाचा. खरं म्हणजे झाडाचाही नाही, झाडावरच्या घरट्याचा.

मी छप्पन्न साली लग्न होऊन अरुणावतीच्या काठी आले. टोपलं डोक्यावर घेऊन पहाटे निघालं तर ऊन तापायच्या आत आर्णीचा बाजार गाठता येईल, एवढ्या अंतरावर आमचं गाव. आम्ही भोई, मासे धरणारे. नदी तिथं वळते आणि त्या वळणात खोल डोह आहे. माघात नदीची धार तुटते, वाळू उघडी पडते, पण डोह उन्हाळाभर आटत नाही. पलीकडच्या काठावर गाव, आणि गावाच्या टोकाला माझ्या भासऱ्याचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं घर. सासरे त्यांच्याकडेच राहायचे. अलीकडच्या काठावर आमचं एकटं घर. भाऊ वेगळे निघाले तेव्हा भांड्यांची वाटणी झाली, जाळ्यांची झाली. पाण्याची कशी होणार? त्यांची चूल पेटली की धूर आम्हाला दिसायचा आणि जोरात हाक मारली की ऐकू यायची. हेवा करायला एवढं अंतर अगदी बेताचं असतं.

डोहावर एक जोडा राहायचा. डोकं राखाडी, पाठ तपकिरी, पोट आणि मांड्या पांढऱ्या, शेपटीही पांढरी आणि तिच्या टोकाला काळी पट्टी. मासे सोडून दुसरं काही खाताना मी त्यांना पाहिलं नाही. पुस्तकात त्याला मत्स्यगरुड म्हणतात हे मी फार पुढे वाचलं. आमच्या काठावर मादीला ‘पांढऱ्या शेपटीची’ म्हणायचे आणि नराला नुसतं ‘तिचा माणूस’. मादी अंगानं मोठी, नर थोडा लहान, म्हणून ते नाव त्याला शोभायचं.

घार जशी वर गिरक्या घेत फिरते तसं ही करायची नाही. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर तासन् तास बसून राहायची, बसल्या जागी झोपली की काय असं वाटावं. मग एकदम खाली सुटायची आणि मरळ पायात धरून वर यायची. तिच्या तळव्यांना काटे असतात, मासा निसटत नाही. कार्तिक लागला की दोघंही ओरडायला लागायची, सकाळी आणि दिवस मावळताना, लांबलचक आणि रडवेलं. नव्या माणसाला वाटावं कुणाच्या घरी काही झालं. आम्हाला मात्र तो आवाज आला की कळायचं, घरटं बांधायचे दिवस आले.

घरटं म्हणजे काटक्यांचा ढीग, खाटेएवढा रुंद. ते दर साल नवं बांधत नाहीत. जुन्यावरच नव्या काटक्या रचतात, वर हिरवा पाला अंथरतात, आणि घरटं सालोसाल उंच होत जातं. पौषात मादी आत बसायची. ती मासे धरायला उठली की तिचा माणूस अंड्यांवर बसायचा. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा नवरा खाटेवर पडून विडी ओढत होता आणि मी पाणी भरत होते. मला त्या पाखरिणीचाही हेवा वाटला.

आता चाल सांगते, कारण सगळं त्या चालीवरच आहे. माघात घरट्यातून पिल्लांचा आवाज यायला लागला, की तेव्हापासून पिल्लं उडेपर्यंत डोहात पहिलं जाळं कुणी टाकायचं हे घरट्यावरून ठरायचं. घरटं ज्याच्या काठावर, पहिलं जाळं त्याचं. दुसऱ्यानं सूर्य कासराभर वर आल्यावर उतरायचं. सासरे म्हणायचे, पाण्यावर पहिला हक्क तिचा, आणि ती ज्याच्या दारी बसली त्याचा दुसरा. ऐकायला गोड. पण उन्हाळ्यात पाणी कमी, मासा सावध. पहाटेचं पहिलं जाळं पडलं की तो खडकांच्या कपारीत शिरतो आणि दिवसभर बाहेर येत नाही. दुसऱ्याच्या जाळ्यात मग झिंगे आणि चिखल. मी आले त्या साली घरटं पलीकडच्या सावरीवर होतं. त्याच्या आधीही कितीतरी वर्षं तिथंच होतं.

माघ ते वैशाख माझी जाऊ भरलेलं टोपलं घेऊन बाजारात बसायची. मी तिच्या शेजारी बसायचे, कारण भोईणींची जागा एकच होती. तिच्या टोपल्यात मरळ, वाम, शिंगाळा. माझ्यात बोटाएवढ्या मासोळ्या, त्याही माश्या बसलेल्या. गिऱ्हाईक तिच्यापुढं वाकायचं. तिचे मासे संपले की ती गिऱ्हाइकाला म्हणायची, इच्या जवळचे घ्या, ताजे हायेत. ते ऐकलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. माझे मासे ताजे आहेत हे तिनं का सांगावं? मला तोंड नव्हतं?

आमच्या काठावरही एक जुनं घरटं होतं, आंब्यावर. माझा नवरा लहान असताना जोडा तिथं बसायचा, मग एका साली उठून सावरीवर गेला तो गेलाच. तरी दर कार्तिकात दोघंही येऊन आंब्यावरच्या घरट्यात बसून जायची, एखादी काटकी ठेवायची. ते बघून मला आशा लागायची. सोयरिकीची माणसं येऊन चहा पिऊन जातात आणि नंतर कळवतो म्हणतात, तशातला तो प्रकार होता. पुस्तकात पुढे वाचलं की या पाखरांची दोन-तीन घरटी असतात आणि ती आलटून पालटून वापरतात. आमच्या जोड्याला आलटायचं ठाऊक होतं, पालटायचं नव्हतं.

दुसऱ्या साली मी नवऱ्याच्या मागं लागले. म्हटलं, घर मोडकं असेल तर कोण राहायला येईल? डागडुजी करा. तो हसला, पण चढला. चांगल्या वाळलेल्या, सरळ, मनगटाएवढ्या काटक्या मी निवडून निवडून दोरीनं वर दिल्या आणि त्यानं त्या जुन्या घरट्यावर रचल्या. असं घरटं जगाच्या पाठीवर कुणा पाखराला आयतं मिळालं नसेल. मग आम्ही खाली ओट्यावर बसून वाट पाहिली.

जोडा आला. मादी घरट्यात उतरली, इकडं तिकडं वळली, काटक्यांवर चोच मारून पाहिली. मग तिनं माझी सगळ्यात चांगली काटकी उचलली, पंख पसरले आणि डोह ओलांडून सावरीवर नेऊन ठेवली. तिच्या माणसानं दुसरी नेली. आठवडा संपायच्या आत आमचा आंबा रिकामा आणि जावेची सावरी माझ्या काटक्यांनी भरलेली. पलीकडून जावेची पोरं टाळ्या पिटत होती. करायला गेले गणपती, झाला मारुती. नवरा हसून हसून खोकायला लागला, आणि मी त्या रात्री त्याला नुसती चटणी-भाकर वाढली.

मी एवढ्यावर थांबले नाही. आंब्याखालच्या खडकावर मी रोज सकाळी मासोळ्या ठेवायला लागले, ती खायला तरी येईल म्हणून. ती कशाला येते? तिला जिता मासा लागतो. आले ते कावळे. गावातले सगळे कावळे आमच्या दारी, वरून घारी. आणि पांढऱ्या शेपटीची जरा आंब्याकडं वळली की कावळ्यांची फौज तिच्या मागं लागायची. तिनं आमच्या काठावर येणंच सोडलं. सासरे पलीकडून ओरडून विचारायचे, श्राद्ध कुणाचं घातलं आज? जाऊ तेव्हा हसली नाही. तिनं हसायला पाहिजे होतं, म्हणजे मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

तो उन्हाळा आम्ही फार ओढाताणीत काढला. त्याच्या आदल्या साली बौद्धवाड्यातल्या लोकांनी दीक्षा घेतल्यावर जुने देव घरातून काढून नदीत सोडले होते. कधीमधी नवऱ्याच्या जाळ्यात माशाऐवजी एखादा देवाचा पितळेचा टाक यायचा. सासऱ्यांनी बजावून ठेवलं होतं की लोकांनी सोडलेलं आपण परत आणायचं नाही, म्हणून तो पुन्हा पाण्यात सोडायचा. एका सकाळी जाळ्यात तेवढंच आलं. नवऱ्यानं टाक पाण्यात सोडला, जाळं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि घरी आला. विडीसुद्धा पेटवली नाही.

“पुढल्या साली बी ती तिकडंच बसली, त मी जीनात जातो,” तो म्हणाला. “पाण्याकडं पाहून पोट भरत नाई.”

जीन म्हणजे कापसाची सरकी काढायचा कारखाना. कापसाच्या हंगामात तिथं माणसं लागतात, कार्तिकापासून चैत्रापर्यंत. कष्टाला मी भीत नव्हते. पण नवऱ्याचा चुलतभाऊ असाच एका हंगामासाठी यवतमाळच्या जीनात गेला होता, आणि तिकडंच दुसरं घर करून बसला. त्याची पहिली बायको आमच्या गावात नवरा असून विधवेसारखी राहायची. तिला निदान एक मुलगा होता. माझ्या पदरी काहीच नव्हतं. लग्नाला वर्षं होत चालली होती, बाया माझ्याकडं बघून बोलणं थांबवायच्या. उद्या हा गेला आणि परत आला नाही, तर त्या एकट्या घरात मी, डोह आणि पलीकडं जावेच्या चुलीचा धूर. त्या पाखरानं कुठल्या झाडावर बसावं यावर माझा संसार टांगलेला होता. हे मी कुणाला बोलले नाही. नवरा मात्र बोलला असावा, भावाकडं किंवा बापाकडं, कारण पुढं गावातल्या बाया मला विचारायला लागल्या, खरंच जाते का तुहा माणूस?

पावसाळा गेला. दिवाळी झाली, जोडा ओरडायला लागला. मी या खेपेला काटकीला हात लावला नाही, मासोळीही ठेवली नाही. दारात उभी राहून नुसती बघायचे. दोघंही सावरीवरच जात होती, हिरवा पाला नेत होती. नवऱ्यानं ट्रंकेतून एकुलता धड सदरा काढून धुवायला दिला. मी तो दोनदा धुतला, वाळायला वेळ लागावा म्हणून.

आणि मग एका सकाळी सावरीखाली धूर.

आमच्या लोकांना हे सांगावं लागत नाही, पण वाचणाऱ्याला सांगते. तेव्हा नायलॉनची जाळी आमच्याकडं आली नव्हती, सुताची असायची. सूत पाण्यानं कुजू नये म्हणून बाभळीची साल उकळून त्या काढ्यात जाळं बुडवतात. मोठा गंज, म्हणजे पातेलं, तीन दगडांची चूल, दिवसभराचं जळण. हे काम घरामागं, झाडांपासून लांब करायचं असतं. घरट्याच्या झाडाखाली तर विडीसुद्धा कुणी पेटवत नसे, आणि तो नियम सगळ्यात कडक पाळायची ती माझी जाऊच. पोरांना ती सावरीखाली मोठ्यानं बोलू द्यायची नाही. आणि आज तीच तिथं चूल मांडून बसली होती. धूर सरळ घरट्यात जात होता, दाट आणि पांढरा.

जोडा उठला. वर गिरक्या घेत ओरडत राहिला. दुसऱ्या दिवशीही धूर. तिसऱ्या दिवशी सासरे लोकांच्या शेतावरच्या राखणीवरून आले आणि त्यांनी जावेला असं फैलावर घेतलं की आमच्या काठावर शब्द न् शब्द ऐकू आला. अक्कल गहाण टाकली का, पिढ्यान् पिढ्यांचं पाखरू दारातून हाकलते का. ती एवढंच म्हणाली की जळण तिथंच पडलं होतं. पण व्हायचं ते झालं होतं. पांढऱ्या शेपटीची आंब्यावर उतरली होती, आणि या वेळी तिच्या पायात सावरीवरची काटकी होती.

मी घरात गेले, दार लावलं आणि पदर तोंडात कोंबून हसले. नवऱ्यानं सदरा पुन्हा ट्रंकेत ठेवला. बाजारात मी सगळ्या भोईणींना सांगितलं, आमच्या थोरल्या बाईचं ध्यान हल्ली ठिकाणावर नाही, चूल कुठं पेटवावी कळत नाही. जाऊ शेजारीच बसलेली असायची. मासे साफ करत राहायची, वर बघायची नाही. मला वाटलं, जिरली.

माघात पिल्लांचा आवाज आला, आमच्या आंब्यावरून. पहाटे अंधूक असताना नवरा डोहात उतरला आणि पहिलं जाळं टाकलं. ते ओढताना त्याला माझी मदत लागली. पायाच्या बोटांत वाळू, हातात दोरी, जाळ्यात मरळी फडफडताहेत, आणि पलीकडच्या काठावर भासरा गुडघ्यांना मिठी मारून सूर्य वर यायची वाट बघत बसलेला. दोन वर्षं आम्ही तिकडून कसे दिसत असू ते मला त्या दिवशी दिसलं. मला दया आली म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं.

सावरी फाल्गुनात लाल फुलांनी पेटली, पान एक नाही, वरचं घरटं रिकामं. त्याच सुमाराला भासरा घरात दिसेनासा झाला. पांढरकवड्याच्या बाजूला सडकेचं काम निघालं होतं, तिथं गिट्टी फोडायला गेला म्हणून कळलं. दुसऱ्या जाळ्यावर एवढी तोंडं जगत नव्हती. माझ्या मनात आलं, आता कळेल बाईला.

चैत्रात एक दिवस मी मोठी वाम घेऊन मुद्दाम पलीकडं गेले. उगाच नाही, द्यायला गेले. देणाऱ्याचा हात वर असतो, तो एकदा माझाही असावा म्हणून. जाऊ ओट्यावर तांदूळ निवडत होती, धाकटं पोर मांडीवर. वाम तिनं घेतली, बरं झालं म्हणाली. मी मुद्दाम जरा वेळ बसले, आणि माझं लक्ष कुंपणाकडं गेलं. कुंपणावर जाळं टाकलेलं होतं, बाभळीच्या रंगात तांबडं झालेलं. तेच, कार्तिकात तिनं सावरीखाली रंगवलेलं. मी उठून त्याला हात लावला. सूत बोटानं तुटत होतं. ते जाळं माझ्या लग्नाच्या आधीपासून त्यांच्या आढ्याला टांगलेलं होतं, कुजलेलं, कोंबड्या झाकायला वापरायचे. अशा जाळ्यावर साल कुणी वाया घालवत नाही. साल सोलायला, वाहायला, कुटायला माणसाचे दिवस जातात.

मग मी सावरीखाली पाहिलं. चुलीचे तीन दगड अजून तिथंच होते, आणि राखेच्या कडेला अर्धवट जळलेल्या कडुलिंबाच्या फांद्या. काढा उकळायला वाळलेलं लाकूड लागतं. ओला पाला जाळून साल उकळत नाही, नुसता धूर होतो.

मी परत ओट्यापाशी आले. बसले नाही.

“बाई, ते फाटकं जायं काहून रंगवलं तुम्ही?”

“साल उरली होती.”

“साल कधी उरत नसते.”

तिनं सूप खाली ठेवलं. पोराच्या तोंडावरची माशी हाकलली.

“तुहा माणूस जीनात चालला होता,” ती म्हणाली. “गेलेला परत येते का नाई, कोणं पाह्यलं? तू त तिकडं एकटी राह्यली असती. मले पोरं हायेत.”

तिनं ते टोचून म्हटलं असतं तर मी तिथंच भांडले असते, आणि आयुष्यभर सुखानं भांडत राहिले असते. पण तिनं टोचून म्हटलं नव्हतं. आज पाऊस नाही म्हणावं, तसं म्हटलं होतं. मी पाण्यात उतरले. नदीची धार तुटलेली होती, गुडघाभरच पाणी, तरी माझं लुगडं कमरेपर्यंत भिजलं, कारण मी कुठं पाय टाकते आहे ते मला दिसत नव्हतं. लोक म्हणतील, तुझं मन भरून आलं असेल. नाही. मला त्या दिवसाइतका तिचा राग कधी आला नाही. भाकरी तिची, पोरं तिची, पाखरू तिचं, आणि आता मोठेपणही तिचंच. कार्तिकापासून मी ज्याला माझं नशीब म्हणत होते ते तिनं माझ्या ताटात वाढलेलं होतं, आणि बाजारात मी तिला वेडी ठरवत फिरत होते तेव्हाही ती गप्प होती. निदान एवढं तरी माझं असावं, की मला जे मिळालं ते माझ्याकडं आपणहून आलं. तेसुद्धा तिनं ठेवलं नाही.

वैशाखात पिल्लं उडाली. उडायच्या आधी ती घरट्याच्या काठावर उभी राहून पंख मारत राहायची, बाप मासा आणून शेजारच्या फांदीवर ठेवायचा आणि दूर जाऊन बसायचा, या आणि घ्या. घरट्यात नेऊन देणं बंद. पुढं ती मोठी तपकिरी ठिपक्यांची पिल्लं आईबापाच्या मागं डोहावर फिरायला लागली. मी हे सगळं खालून बघायचे आणि माझ्या मनात एकच घोळत असायचं.

पावसाळ्यानंतर जोडा पुन्हा ओरडायला लागला. भासरा सडकेवरून आलेला नव्हता, तिकडचं जाळं सासरेच टाकत होते. जोडा आंब्यावर येत होता, काटक्या आणत होता, पाला आणत होता. यंदाही पहिलं जाळं आमचंच, अशा समाधानात नवरा जाळ्याच्या गाठी तपासत बसायचा. एका सकाळी तो बाजाराला गेला. मी मोठा गंज उचलला, आंब्याखाली तीन दगड मांडले, बाभळीची साल टाकली. जावेसारखं कुजकं जाळं मी घेतलं नाही. माझं नवं, चांगलं जाळं घेतलं. तिच्यापेक्षा कमी का म्हणून?

मला ठाऊक होतं की जोडा उठेल, सावरीवर जाईल, आणि नवरा सदरा काढेल. तो परत येईल की नाही हे मला ठाऊक नव्हतं. तो गेला, आर्णीच्या जीनात, आणि चैत्रात आला, खोकत, केसांत कापूस घेऊन. पण हे नंतरचं. त्या सकाळी चुलीपुढं बसले तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी हे चांगुलपणानं केलं असं कुणी म्हणू नये. ती एकटीच मोठी राहावी हे मला सोसवत नव्हतं, एवढंच.

ओला कडुलिंब मी चुलीत कोंबला. धूर वर गेला. पांढऱ्या शेपटीची उठली, तिचा माणूस उठला, दोघंही डोहावर ओरडत फिरायला लागली. तो आवाज ऐकून जाऊ पलीकडं घराबाहेर आली. तिनं आधी वर पाहिलं, मग माझ्याकडं. मी चुलीपाशी ताठ उभी राहिले. ती काय बोलेल आणि त्यावर मी काय म्हणायचं याची मी रात्रभर तयारी केली होती. ती म्हणाली असती, अशी कशी वेडी, तर मी म्हणणार होते, जळण इथंच पडलं होतं. ती रडली असती तर मी म्हणणार होते, तुमचे उपकार मला नकोत. तिनं हात जोडले असते तर मी पाठ फिरवणार होते.

तिनं चुलीवरच्या गंजाकडं नीट पाहिलं. मग पदर खोचून पाण्याच्या कडेपर्यंत आली आणि तोंडाशी हात धरून हाक दिली.

“साल लय उकळू नको वं. जायं कडक होते.”

मी गंजात पाहिलं. साल खरंच जास्त उकळली होती.